सिमेंट निघतं का

रुवीत, बस-स्टँडमागे, दुसऱ्या मजल्यावर
आम्ही चौघं आणि एक बादली.
परकार, घाडी, रिबेलो, मी.
शुक्रवारी सकाळी नंबर लावून
शाडू तुडवावा तसे बॉयलरसूट तुडवायचे.
पाणी राखाडी होत जायचं
आणि सूट होते तेवढेच राखाडी राहायचे.

रमझानच्या सेलात ठरलं : मशीन.
वर्गणी अठरा रियाल माणशी,
घाडीचे पंधरा, तीन पुढच्या पगाराला.
आणि मी बी. कॉम. म्हणून
निवडायचं काम माझ्याकडे.

मोबाइल घेऊन बसलो.
चार हजार तीनशे बारा माणसांचं मत!
पहिला म्हणतो, खोका छान होता.
दुसरी म्हणते, अजून लावलं नाही, पण पाच स्टार.
तिसऱ्याला डिलिव्हरीचा पोरगा नम्र वाटला.
एकाने फोटो टाकलाय,
त्यात मशीन कमी आणि नवा सोफा जास्त.
एक म्हणतो, उत्तम. नुसतंच उत्तम.
त्याच्या नावावर त्याच दिवशी
तेवीस वस्तू उत्तम आहेत,
त्यात एक पाळणा आणि एक दाढीचं यंत्र.
एकच स्टार देणाऱ्याचा राग रंगावर :
पांढरं मागवलं होतं,
आलं ते जरा जास्तच पांढरं.

मला एवढंच हवं होतं की
साइटवरून आलेला सूट,
गुडघ्यांवर सिमेंट वाळून बसलेलं,
गच्चीवरच्या टाकीचं कढत, मचूळ पाणी,
जूनमधली बाल्कनी,
तर निघतं का?

कुणीतरी लिहिलं असेल म्हणून
एकशे सोळाव्या पानापर्यंत गेलो.
ही चार हजार माणसं धुतात तरी काय?
परकार भात उपसता उपसता म्हणाला,
अरे, लग्नपत्रिकेवर कधी
नवऱ्यामुलाचे दोष छापतात का?
चल, मेलेल्यांना विचारू.

मोईदूचं दुकान हमरियात, जिन्याखाली.
दहा-बारा मशीनं पाठ उघडी टाकून उभी,
इंजेक्शनच्या रांगेतल्या माणसांसारखी.
मी मोजली. एकाच कंपनीची सात.
आणि आमच्या मनातल्या कंपनीचं
एकही नाही!
झालं, म्हटलं. हेच घ्यायचं.

मोईदूने स्क्रूड्रायव्हर कानामागे खोचला.
"ही सात येतात, कारण यांचा पार्ट मिळतो.
तुमचं बिघडलं की थेट कचऱ्यात.
माझ्याकडे कशाला येईल?"

मी एवढी पानं वाचली,
पण कचऱ्याच्या पेटीत डोकावायचं
सुचलं नव्हतं.

"आणि सिमेंट?"
तो हसला. त्याच्या बापाने सोहारला
बावीस वर्षं सिमेंट कालवलं होतं, म्हणे.
"सिमेंट कुठल्याच मशीनने निघत नाही.
रात्री भिजत घाला."

त्या सातांतलंच एक घेतलं,
एक्केचाळीस रियाल, नव्वद दिवसांची तोंडी हमी.
उरलेले पैसे वाटले, तेव्हा घाडीने
न दिलेले तीन रियालसुद्धा परत मागितले.

चौदा महिने झाले.
मोईदूच्या बिलाच्या पाठीवर
काल मी लिहून काढलं
आणि बाल्कनीच्या दाराला चिकटवलं,
आमच्यानंतर या खोलीत येतील त्यांच्यासाठी :

सिमेंट निघत नाही.
आदल्या रात्री भिजत घातलं तर अर्धं निघतं.
कॉलर हातानेच.
दुपारी लावू नये, टाकीचं पाणी भाजतं.
शेवटच्या पाण्याला मशीन चालत चालत
दारापर्यंत येतं,
तेव्हा एकाने वर बसावं.
घाडी बसायचा.
तो व्हिसा रद्द करून गेल्या महिन्यात
गावी गेला.
आता तांदळाची गोणी ठेवतो.
वजन जवळपास तेवढंच,
पण गोणी बडबडत नाही.